कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या भावाला, आणि त्याच्यासाठी नर्सिंग सोडलेल्या मला, शिष्यवृत्ती मिळेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: धाकट्या भावाला दहावीत असताना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला, मुंबईत उपचार झाले, ते गेल्या दिवाळीत संपले. आता तो बारावीला आहे. मधे संसर्ग होऊन तो बरेच दिवस ॲडमिट राहिला, आईला एकटीला झेपेना, म्हणून तुम्ही बी.एस्सी. नर्सिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडून त्याच्याजवळ येऊन राहिलात. त्याला दीड वर्ष झालं. गावी सोलापूर जिल्ह्यात तीन एकर कोरडवाहू जमीन, डोक्यावर कर्ज. तुम्हाला पुढे कॅन्सर नर्सिंगच करायचंय.

मी मुंबईत मेडिकल सोशल वर्कर आहे. कॅन्सर झालेल्या मुलांच्या घरच्यांची कागदपत्रं, राहायची सोय, शाळा-कॉलेजची पत्रं हेच माझं रोजचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मदत मिळू शकते, दोघांनाही. पण ‘कॅन्सर शिष्यवृत्ती’ असं टाकून नेटवर शोधलंत तर हाती जवळजवळ काही लागणार नाही. जे दिसेल त्यातलं बहुतेक अमेरिकेतलं असतं. तिथे कॅन्सरमधून बाहेर आलेल्या मुलांसाठी वेगळ्या संस्था आहेत. ‘कॅन्सर फॉर कॉलेज’ ही त्यातली एक, क्रेग पोलार्ड यांनी १९९३ साली काढलेली; त्यांना स्वतःला दोनदा कॅन्सर झाला होता. पण हा पैसा तिथल्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. कुणाचा भाचा-पुतण्या तिकडे शिकत असेल तर त्याला जरूर कळवा. तुमच्या भावासाठी त्या याद्या वाचण्यात वेळ घालवू नका.

आपल्याकडे शिक्षणाचा बराचसा पैसा आजाराच्या नावावर ठेवलेला नसतो. तो उत्पन्न, प्रवर्ग, मुलगी असणं, अल्पभूधारक शेतकऱ्याचं घर, अपंगत्व, घरावर कोसळलेलं संकट अशा नावांखाली असतो. कॅन्सरमुळे घर त्यातल्या एखाद्या नावात बसतं का, हे बघायचं असतं. आणखी एक गोष्ट लोक गल्लत करतात म्हणून सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारत, मुख्यमंत्री सहायता निधी हे सगळं दवाखान्याच्या बिलासाठी आहे. त्यातून फी भरता येत नाही.

आता आधी तुमच्याबद्दल, कारण घाई तुमची आहे.

तुम्ही प्रश्नात स्वतःबद्दल एकच ओळ लिहिलीत, भावाबद्दल दहा. मी हे वॉर्डात रोज बघते. मूल बरं होतं, फाइल बंद होते, आणि त्याच्याजवळ बसलेल्या बहिणीचं काय झालं हे कुणी विचारत नाही. माझ्या माहितीत सरकारची एकही योजना अशी नाही जी रुग्णाची काळजी घेताना शिक्षण सुटलेल्या मुलीला त्याच कारणासाठी पैसे देते. असायला हवी, आणि ती नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण तुमच्यासाठी दुसरा एक दरवाजा उघडा आहे, आणि तो बंद व्हायला फार वेळ राहिलेला नाही.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना ती निम्मी फी देत असे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या मुलींसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत १०० टक्के झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश चालत नाही, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत, त्याच पोर्टलवर.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाची अट पुढे आहे. अभ्यासक्रम चालू असताना दोन वर्षं किंवा त्याहून जास्त खंड पडला तर या योजनेचा लाभ मिळत नाही. तुम्हाला दीड वर्ष झालंय. त्यामुळे ‘शिष्यवृत्ती मिळाली की कॉलेजला जाईन’ हा क्रम उलटा करा. आधी कॉलेजात जाऊन पुनर्प्रवेशाचा अर्ज द्या, याच महिन्यात. नर्सिंगचा अभ्यासक्रम किती वर्षांत संपवायचा यालाही कमाल मुदत असते, आणि परवानगी कॉलेजमार्फत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून यावी लागते. त्याला वेळ लागतो. तोंडी बोलून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या.

त्या अर्जाला काय जोडायचं? भावाचे उपचार झाले त्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून एक पत्र मागा. त्यात रुग्णाचं नाव, आजार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो ॲडमिट होता किंवा मुंबईत राहून उपचार घेत होता, आणि त्या काळात सोबत राहणारी नातेवाईक म्हणून तुमचं नाव असावं. फाइलमध्ये सोबतच्या माणसाच्या पासची नोंद असते, धर्मशाळेच्या किंवा संस्थेच्या खोलीच्या नोंदवहीत तुमचं नाव असतं. या नोंदी जुळल्या की पत्र द्यायला आम्हाला अडचण येत नाही. असं पत्र क्वचितच कुणी मागतं. ज्यांनी मागितलं त्यांच्या कॉलेजमधल्या बोलण्याचा सूर बदललेला मी पाहिलाय. ‘गैरहजर’ या शब्दाच्या जागी कारण लिहिलं जातं. पुढे कुठल्याही संस्थेच्या मुलाखतीत खंड का पडला असं विचारलं तर हेच पत्र पुढे ठेवायचं.

वसतिगृहाचा खर्च हा फीइतकाच मोठा असतो. तुमच्या वडिलांची जमीन दोन हेक्टरांच्या आत आहे, म्हणजे तलाठ्याच्या नोंदींवरून अल्पभूधारकाचा दाखला निघेल. तो असला तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज त्याच महाडीबीटीवर करता येतो. भावाला पुण्यात प्रवेश मिळाला तर विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरा. ही संस्था डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली सुरू केली, ग्रामीण भागातल्या गरजू मुलांसाठी. पुण्यात भाड्याची खोली आणि मेस यांचा वर्षाचा हिशेब करून बघा, मग कळेल की अशी खोली एखाद्या मोठ्या शिष्यवृत्तीच्या तोडीची असते.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल एक सूचना. सेतू केंद्रात सवयीने मागच्या वर्षाचा आकडा उचलला जातो. भावाच्या आजारात जमीन पडीक राहिली, जनावरं विकली, वडिलांची मजुरी बुडाली असेल तर ते तलाठ्याच्या चौकशीत स्पष्ट सांगा, म्हणजे दाखल्यावर आजचं खरं उत्पन्न येईल. बऱ्याच खासगी शिष्यवृत्त्यांची मर्यादा ८ लाखांच्या बरीच खाली असते, तिथे हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

आता भाऊ.

त्याच्यासाठी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे उपचार पूर्ण झाल्याचा सारांश. डिस्चार्ज कार्ड वेगळं, हे वेगळं. यात निदानाची तारीख, कोणती औषधं किती दिली, रेडिएशन दिलं असेल तर किती आणि कुठे, उपचार कधी संपले आणि आज आजार नाही, हे एका-दोन पानांत लिहिलेलं असतं. बालकर्करोग विभागाच्या डॉक्टरांकडून मागून घ्या, तीन-चार साक्षांकित प्रती करून ठेवा. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला तो लागतोच, पण पुढे वीस वर्षांनी हृदयाचा किंवा थायरॉइडचा त्रास झाला तर तिथल्या डॉक्टरलाही हाच कागद लागेल. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. मधल्या तपासण्या तिथे होऊ शकतील का, हे मुंबईच्या डॉक्टरांना विचारा. प्रत्येक फेरीचं भाडं आणि बुडालेला दिवस वाचला तरी तो शिक्षणाचाच पैसा आहे.

कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांच्या शिक्षणाकडे बघणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्यापर्यंत बहुतेक वेळा रुग्णालयातूनच जावं लागतं. टाटा मेमोरिअलमध्ये १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र ‘ॲक्ट’ क्लिनिक चालतं. तिथे तपासणीबरोबर शाळा, नोकरी, लग्न याबद्दलही बोललं जातं. तिथल्याच बालकर्करोग विभागाशी जोडलेलं ‘इम्पॅक्ट फाउंडेशन’ उपचारांपासून शिक्षणापर्यंत मदत करतं. इंडियन कॅन्सर सोसायटी ही १९५१ ची संस्था, डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी स्थापन केलेली. तिचा ‘उगम’ हा लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या तरुणांचा गट आहे. भावाला त्यात घालाच. पैशाची चौकशी तिथे होईलच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्यासारखाच आजार होऊन आज नोकरी करणारी माणसं त्याला भेटतील. मुंबईत असताना तुम्ही सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सच्या खोलीत राहिला असाल तर त्यांच्या ‘सेंट ज्यूड फॉर लाइफ’ या उपक्रमाकडे नाव नोंदवा. तिथे राहून गेलेल्या मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठीच तो आहे. आणि ‘कॅनकिड्स’, २००४ साली पूनम बगई यांनी सुरू केलेली. त्या स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या आहेत. कॅन्सरच्या मुलांसाठी त्यांच्या ‘कॅनशाला’ नावाच्या शाळा चालतात, मुंबईतही आहे, आणि बऱ्या झालेल्या मुलांच्या शिक्षणाचं कामही त्या करतात. या सगळ्यांना एकाच वेळी पत्र लिहिण्यात काही गैर नाही. फक्त एकाकडून मदत मिळाली तर दुसऱ्यांना ते सांगा. या संस्था एकमेकींना ओळखतात, आणि लपवलेली मदत उघडी पडली की पुढचा दरवाजा बंद होतो.

संकटाच्या नावाने मिळणाऱ्या मदतीत एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन उपक्रमातली ईसीएसएस शिष्यवृत्ती बघा. शाळेपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची मुलं त्यात येतात, आणि घरात किंवा स्वतःवर आलेल्या संकटामुळे शिक्षण सुटायची वेळ आलेल्यांना प्राधान्य असतं. अट अशी की संकट अलीकडचं हवं. तुमच्या घरचं आहे, आणि तुम्ही दोघंही स्वतंत्र अर्ज करू शकता. वर्षाची जाहिरात आली की त्या वर्षाच्या अटी नीट वाचा, त्या बदलत असतात. मुलींसाठी पुण्याच्या लीला पूनावाला फाउंडेशनच्या शिष्यवृत्त्याही आहेत, १९९५ पासून. त्यांचे जिल्हे ठरलेले असतात, तेव्हा तुमचं कॉलेज आणि गाव बसतं का ते आधी पाहा.

अपंगत्वाबद्दल खूप गैरसमज आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे रक्ताचे आजार त्यात आहेत, कॅन्सर नाही. म्हणजे ल्युकेमिया झाला होता एवढ्यावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. पण आजार किंवा उपचार शरीरावर काही कायमचा परिणाम ठेवून गेले असतील तर ते मिळू शकतं. हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय काढावा लागला, सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने ऐकू कमी येऊ लागलं, डोक्याच्या रेडिएशनने शिकण्यात अडथळा आला, अशा मुलांची तपासणी करून घ्यावी. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता ठरली की यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के आरक्षण, आणि तंत्रशिक्षणाला असेल तर एआयसीटीईची वर्षाला ५०,००० रुपयांची ‘सक्षम’ शिष्यवृत्ती, हे सगळं खुलं होतं. डोळ्याच्या कॅन्सरमध्ये एक डोळा गेलेल्या मुलांचे आईवडील मात्र इथे फार निराश होतात, कारण दुसरा डोळा चांगला असेल तर टक्केवारी ४० पर्यंत पोचत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. तरी प्रमाणपत्र काढून ठेवा असंच मी सांगते, कारण खासगी संस्था त्या ४० च्या रेषेला सरकारइतक्या घट्ट धरून बसत नाहीत.

तुमच्या भावाच्या बाबतीत एक बघा. ल्युकेमियाच्या औषधांनी काही मुलांच्या हातापायांत मुंग्या येतात, लिहिताना बोटं दुखतात, लक्ष टिकत नाही. तसं असेल तर बारावीच्या परीक्षेआधीच डॉक्टरांचं पत्र घेऊन कॉलेजमार्फत बोर्डाकडे सवलतीबद्दल विचारा. निकाल लागल्यावर ते कारण सांगून उपयोग होत नाही, आणि बहुतेक शिष्यवृत्त्यांना टक्के लागतातच.

हे वाचणाऱ्या इतर कुणाच्या घरात आई किंवा वडील कॅन्सरने गेले असतील, किंवा अशा आजाराने अंथरुणाला खिळले असतील, आणि मुलं अठराच्या आतली असतील, तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. गावोगावी अंगणवाडीताईंना ही योजना माहीत असते, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न, कॅन्सर नर्सिंग. बी.एस्सी. पूर्ण झालं आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली की एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा इन ऑन्कॉलॉजी नर्सिंग करता येतो. पुढे एम.एस्सी. करायचं झालं तर टाटा मेमोरिअल सेंटरमध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या अंतर्गत नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण आहे. तुम्ही केमोचे दिवस, उलट्या, पेशी खाली गेल्यावरची भीती हे सगळं उशाशी बसून पाहिलंय. मुलाखतीत ते सांगायला संकोच करू नका. चांगल्या सिस्टर्स मी पाहिल्यात त्यांतल्या काहीजणी याच वाटेने आलेल्या आहेत.

नर्सिंगचा पुनर्प्रवेश काही केल्या झाला नाही तरी या कामात यायला आणखी एक वाट आहे: ‘केवट’. टाटा मेमोरिअलने टाटा ट्रस्ट्स आणि टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर २०१९ मध्ये सुरू केलेला, रुग्णाला रुग्णालयातून वाट दाखवणाऱ्या माणसांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. त्याला पदवी लागते, तेव्हा मुक्त विद्यापीठातून का होईना पदवी पूर्ण करा.

नोकरीत स्थिरावल्यावर जिनेव्हाच्या यूआयसीसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनेच्या फेलोशिप लक्षात ठेवा. कॅन्सरच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना, परिचारिकांनासुद्धा, दुसऱ्या देशातल्या केंद्रात सुमारे महिनाभर राहून एखादं कौशल्य शिकून यायला त्या खर्च देतात. परदेशात पूर्ण पदवी घ्यायची असेल तर जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देतंय. ती फेडावी लागते हे ध्यानात घ्या. कुणी संशोधनाकडे वळलंच तर खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरिअलच्या संशोधन केंद्रात पीएच.डी. करता येते, आणि २०२३ पासून कनिष्ठ संशोधकांची फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये आहे. ल्युकेमियाच्या संशोधनाला पैसा देणारा लेडी टाटा मेमोरिअल ट्रस्टही आहे. तुमच्या भावाला झाला त्याच आजाराने मेहेरबाई टाटा १९३१ साली गेल्या, आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी हा ट्रस्ट उभा केला. त्या काळी या आजारावर इलाज नव्हता. आज तुमचा भाऊ बारावीची तयारी करतोय.

अर्ज लिहिताना एक लक्षात ठेवा. आजाराचं वर्णन चार ओळींत संपवा. नंतरच्या दोन परिच्छेदांत काय शिकायचंय, कुठे, किती फी आहे, त्यातली किती कुठून भागते आणि नेमके किती कमी पडतात ते लिहा. देणारे लोक मी पाहिलेत, त्यांना मुलाची इच्छा आणि स्वच्छ हिशेब दिसला की ते विश्वासाने देतात. आणि ‘प्रोसेसिंग फी’, ‘नोंदणी शुल्क’ किंवा ओटीपी मागणारा कुणीही असो, फोन ठेवून द्या. खरी शिष्यवृत्ती देणारी संस्था आधी पैसे मागत नाही. आजारपणात ज्यांचे फोन नंबर पैसे गोळा करण्याच्या आवाहनांबरोबर सगळीकडे फिरले, त्या घरांना असे फोन हमखास येतात, आणि थकलेली माणसं फसतात.

तुमचा नर्सिंगचा प्रवेश कॅपमधून झाला होता की संस्थेच्या पातळीवर, तुमचा प्रवर्ग कोणता, आणि भावाला बारावीनंतर काय करायचंय, एवढं इथे लिहा. म्हणजे महाडीबीटीवर दोघांनी नेमका कोणता अर्ज भरायचा ते मी सांगेन. कॉलेजला द्यायच्या अर्जाचा आणि रुग्णालयाकडे मागायच्या पत्राचा मसुदाही लिहून देईन. तोवर कॉलेजात जाऊन या.